तिच्या अंगावर दगड नको

आमच्या इथं खड्डा खोल जात न्हाई. वर वीतभर माती, खाली मुरूम, मुरमाच्या खाली काळा दगड. किनवटच्या ह्या अभयारण्याच्या कडेला मी अर्धी उमर जंगलखात्याची मजुरी केली, पाणवठे खोदले, तवा मला ते नवं न्हाई. साहेब सांगायचे, हा सगळा डोंगर कधीकाळी आगीचा रस होता. वाहत आला आणि थरावर थर निवला. मी हे घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणली, "पातळ होता तवाच बरा होता मग. येताना दिसला की पळता तरी आलं असतं."

तिला दगडाचा राग होता. राग म्हणजे भ्याच. भूकंप झाला तवा आम्ही लातूरकडं गावात राहत होतो. घर ह्याच काळ्या दगडाचं, नुसत्या मातीत रचलेलं. मी अंगणात झोपलेलो म्हणून वाचलो. ती आत, तान्ही पोरगी कुशीत. मी हातानं एकेक दगड उचलला. ती जिती निघाली. पोरगी न्हाई.

त्यानंतर आम्ही इकडं आलो. कुडाचं घर बांधलं, बांबूच्या ताट्या आणि वरून शेणमाती. दर वर्षी ती स्वतः लिंपायची, दुसऱ्याला हात लावू द्यायची न्हाई. मागून पोरगा झाला. इथल्या आश्रमशाळेत शिकला, लातूरला क्लास लावला, आता तिथंच क्लासमधी पोरांना केमिस्ट्री शिकवतो. ज्या मुलखात माणसं घराखाली मेली, तिथं आता कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि त्यांच्यासाठी माळ्यावर माळे चढून राहिलेत. ती एकदा त्याच्याकडं गेली, तर सगळे दिवस गच्चीवर झोपली. सून हसायची. ही म्हणायची, "हस बाई. माझ्या डोक्यावर आभाळ हाय, ते पडत न्हाई."

दुखणं वाढलं तवा तिनं एकच मागितलं. "आवं, मला मातीत ठेवाल, तवा वर दगड रचू नका. एकदा काढलेत ना? पुन्हा कशाला ठेवता?"

मी हाव म्हणलो.

आम्हा लिंगायतात माणूस जाळत न्हाईत, मातीत बसवतात. बसलेल्या माणसाला खड्डा खोल लागतो. खोदताना पहार ठणठण वाजायला लागली, खाली सरकंना. तिला बसवली तर डोक्यावर जेमतेम हातभर माती. शेजाऱ्यांनी न सांगताच दगड गोळा केले. इथं हरेक मातीवर दगडाचा ढीग असतो, न्हाईतर तडस उकरतं.

मी म्हणलं, "दगड नको."

शेजारचा कोलाम आदिवासी गडी म्हणला, "काका, तडस काय तुमचा पाव्हणा हाय व्हय? सांगून येणार हाय?"

पोरगा म्हणला, "अप्पा, आई आता नाही. तिला काय कळणार?"

"तुला केमिस्ट्री कळती. हे न्हाई कळत."

मग बोराटीच्या काट्या टाकल्या आणि माणसं घरी गेली. दगडाचा ढीग बाजूला तसाच राहिला.

काही दिवसांनी सकाळी गेलो तर काट्या ओढलेल्या. बरोबर डोक्याच्या जागी माती उकरलेली. पंजे बघितले, पुढचा मोठा, मागचा लहान. तडसच. त्या जनावराशी माझं वाकडं न्हाई. मेलेलं खातं, जंगल साफ ठेवतं, ते त्याचं काम. पण त्या दिवशी मी त्याला मोठ्यानं शिव्या घातल्या. मग ढिगातला एक दगड उचलला. हाताला ते वजन ओळखीचं होतं. तिच्या छातीवरून असलाच उचलला होता. खाली टाकला आणि तिथंच बसून रडलो.

उन्हं वर आली तवा उठलो. वारुळाची माती खणून आणली, त्यात भुसा आणि शेण घातलं, पायानं तुडवलं. ती भिंत लिंपायची तसा जाड थर तिच्यावर लिंपला. वाळल्यावर टणक झाला. तडस परत आलं, ओरखडे काढून गेलं. मी भेगा बुजवल्या. पण पाऊस आला की माती विरघळती. मग पुन्हा माती, पुन्हा भुसा. अस्वलं मोहाला येऊन गेली, रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप पाणवठ्यावर आले, गेले. माझं लिंपणं चालूच.

मोठ्या पावसानंतर पोरगा आला. मला लातूरला न्यायला आला होता. मी माती तुडवत होतो. त्याचा फोन सारखा वाजत होता, पोरांचे आईबाप, सर, सर. त्यानं तो बंद केला, बूट काढले, पँट गुडघ्यावर गुंडाळली आणि माझ्याबरोबर चिखलात उभा राहिला. माती तुडवायला लागला.

"अप्पा, खोटं बोलत न्हाई," तो म्हणला. "तुमच्या मागं मला दर पावसात येणं जमणार न्हाई. मी दगड ठेवणार."

मी त्याच्याकडं बघितलं. डोळे तिचेच.

"ठेव," मी म्हणलं. "पण आधी मातीचा थर जाड दे. दगड डोक्याला लागू देऊ नको तिच्या."