स्मशानघाटावरच्या कुंड्या

नवरा गंगाराजू गेल्यापासून वीरवेणीला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. आंध्रातल्या कडियम गावी रस्त्याकडेला तिची रोपवाटिका होती. सकाळी उठली की ती क्रोटन उचलून जास्वंदीपाशी ठेवायची, जास्वंद विहिरीकडे न्यायची आणि संध्याकाळी पुन्हा सगळं होतं तिथं. सून नागलक्ष्मी कपाळाला हात लावायची.

"आत्याबाई, त्या झाडांनाही आता चक्कर येत असेल हो."

"तू तुझा भात बघ, लागतोय खाली," वीरवेणी म्हणायची आणि पुढची कुंडी उचलायची.

दिवाळीनंतर राजमहेंद्रीहून सूर्यप्रकाशराव आले. नदीकाठच्या स्मशानघाटाची व्यवस्था बघणाऱ्या मंडळाचे ते चिटणीस. घाटावर सिमेंटच्या मोठमोठ्या कुंड्या बसवल्या होत्या, कमरेइतक्या उंच, बैलगाडीच्या चाकाएवढ्या रुंद. दोन उन्हाळ्यांत त्यातलं सगळं जळून गेलं होतं. आता टिकेल असं काहीतरी हवं होतं.

"मुलाला पाठवा जागा बघायला," ते म्हणाले.

"मीच येते," वीरवेणी बोलून गेली.

रावांनी चष्मा काढला. "तिथं बायका येत नाहीत, अक्का."

"मेलेल्याबरोबर येत नाहीत. मी झाडांबरोबर येईन."

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. गंगाराजूला इथूनच, या अंगणातून उचलून नेलं होतं. ती रस्त्याच्या वळणापर्यंत धावली, तिथून बायकांनी तिला धरून मागं आणलं. मुलगा परत आला तेव्हा ओल्या कपड्यांनी दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "सगळं नीट झालं, अम्मा." नीट म्हणजे काय, कुठं, कोणत्या बाजूला, हे तिनं चार वर्षांत विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

घाटावर पोलय्या भेटला. चिता रचणारा, काटकुळा, तोंडात कायम विडीचं थोटूक. वीरवेणीनं कुंड्यांची भोकं पाहिली, मातीत बोटं खुपसली, चितांच्या ओट्यांपासून कोणती कुंडी किती लांब ते पाहिलं. नदीकडून वारा सरळ तोंडावर येत होता. मग अगदी सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "चार वर्षांपूर्वी, कडियमचे गंगाराजू. उंच होते. कुठला ओटा, आठवतं?"

पोलय्यानं थोटूक काढलं. "खोटं कशाला बोलू, अक्का? रोज इतके येतात. यातलाच कुठलातरी."

तिनं मान हलवली आणि पुढच्या कुंडीकडे गेली. पण त्या दिवसापासून तिची घालमेल दुप्पट झाली.

झाडांवरून तिचं आणि रावांचं जुंपलं. रावांना सगळीकडे बोगनवेल हवी होती.

"काटे असले म्हणजे कुणी काठावर बसणार नाही. लोक बसून बसून काठ फोडतात."

"दुसरं कुठं बसायचं त्यांनी? बाक आहे का एक तरी?"

"अक्का, स्मशानात बसायला येतात का?"

"उभ्यानं किती वेळ बघायचं?" तिचा आवाज चढला. "मधोमध पांढरा चाफा लावू. काटा नाही, वारा सोसतो, पाणी कमी लागतं. खाली काही पसरायला नको. काठ मोकळा राहील, वर सावली होईल."

शेवटी वाटणी झाली. ओट्यांजवळच्या कुंड्यांत रावांची बोगनवेल, नदीकडच्या चार कुंड्यांत तिचा चाफा. तिनं पुरुषभर उंचीची झाडं निवडली. तळाला विटांचे तुकडे, वर लाल माती आणि वाळू. पण थंडीचे दिवस. चाफ्यानं पानं टाकलेली. नदीकाठी चार बोडके खुंट उभे राहिले.

"वा! स्मशानात लाकडं कमी होती म्हणून आणलीत वाटतं?" रावांनी विचारलं.

थट्टा खरी व्हायला आठवडाही लागला नाही. एका सकाळी ती पोचली तर एक कुंडी रिकामी.

"पोलय्या! झाड कुठंय?"

पोलय्या ओशाळून डोकं खाजवायला लागला. "चितेला लाकूड कमी पडलं. मयताच्या मेव्हण्याला वाटलं, वाळकंच आहे. मी पलीकडे होतो, अक्का. पण सांगतो, जळालंच नाही ते! नुसता धूर. सगळे खोकत बसले, मेव्हण्याला शिव्या खाव्या लागल्या."

वीरवेणीनं त्याला आणि त्या न पाहिलेल्या मेव्हण्याला तोंडाला येईल ते ऐकवलं. मग अचानक तिला हसू फुटलं आणि ते आवरेना. हसता हसता ती काठावर बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. पोलय्या गुपचूप लांब गेला.

तिनं नवं झाड आणून लावलं. मग रोजच घाटावर जाऊ लागली. रिक्षात बसून, डबा मांडीवर घेऊन. तिथं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पाणी घालायची. खोड दाबून बघायची आणि पुन्हा पाणी. संक्रांतीनंतर दोन खोडं मऊ पडली. बोट लावलं की आत जात होतं.

"सडली," घरी येऊन तिनं सांगितलं. "मातीच वाईट."

नागलक्ष्मी ताक घुसळत होती. ती थांबली. "माती चांगली आहे, आत्याबाई. झोपलेल्या चाफ्याला पाणी घालू नये, हे लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच शिकवलंत मला."

वीरवेणी त्या रात्री जेवली नाही. सकाळी तिनं निरोप पाठवला, त्या दोन कुंड्यांतही बोगनवेलच लावा. स्वतः मात्र गेली नाही. तो महिना तिला फार जड गेला. रिक्षाचा आवाज आला की ती उठायची, फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. एकदा तर चप्पल घालून बराच वेळ तशीच उभी होती.

चैत्रात रावांचा फोन आला. बोगनवेल अंगावर यायला लागली होती, छाटायला हवी होती. वीरवेणी कात्री घेऊन गेली. उरलेल्या दोन चाफ्यांना पानं होती, फूल एकही नव्हतं. धगीजवळची बोगनवेल मात्र माजली होती. "बरोबर होतं तुमचं," ती रावांना म्हणाली. "तिथं चाफा जगला नसता." राव संकोचून म्हणाले, "काठ मात्र फुटायचा तो फुटलाच."

तेवढ्यात प्रेतयात्रा आली. पुरुषांच्या मागं एक बाई, फाटकात अडवलेली. दीर सांगत होता, "वहिनी, तू घरी जा." ती ना आत येत होती ना मागं जात होती.

वीरवेणी कात्रीसकट तिकडे गेली. "सोडा तिला. माझ्याबरोबर आहे, झाडांच्या कामाला."

दीरानं रावांकडे पाहिलं. राव नदीकडे बघायला लागले.

बाई चाफ्याच्या कुंडीच्या काठावर बसली. "ताई, कुठला ओटा?" तिनं विचारलं.

"तो. डावीकडून दुसरा," वीरवेणीनं बोट दाखवलं. "नीट बघून ठेव."

आग लागली. बाई बघत राहिली. वीरवेणी थोडा वेळ शेजारी टेकली, मग उठली, दुसऱ्या कुंडीपाशी गेली, तिथून तिसरीकडे, आणि छाटायचं काही उरलं नव्हतं तरी तिची कात्री चालूच राहिली.