लंकाकाकूच्या पॅनेलवरचा गोल डाग

लंकाकाकूचं सोलर पॅनेल मी भाजलं. भरताचं वांगं भाजावं तसं, मधोमध. तेही ऐन लग्नसराईत, अंगणात अकरा बायका मळलेल्या पिठाचे डबे घेऊन बसलेल्या असताना.

जामखेडपासून आमचं गाव अर्ध्या तासावर. तिथं शेवयांचं मशीन एकच, लंकाकाकूचं. मोटर येण्याआधी अकरा वर्षं तिनं हाताचं मशीन फिरवलं. त्यात उजवा खांदा असा गेला की वेणीसुद्धा शेजारीण घालते. मग पत्र्यावर तीन पॅनेलं बसवली, खाली मोटर लावली, आणि हाताचं मशीन पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. स्वभाव मात्र खांद्यासारखा नरम पडला नाही. पिठात अंगठा दाबायची आणि म्हणायची, "हे काय पीठ हाय व्हय? घरी जा, परत मळ." सरपंचाच्या बायकोलाही तिनं एकदा असंच माघारी धाडलं होतं.

अडचण एकच. दुपारी चारनंतर मोटर पेंगायची आणि रांग उरायची. मी म्हणालो, "काकू, तासभर ऊन वाढवून देतो."

"सूर्य तुझ्या मामाचा हाय का?"

बायका हसल्या. माझा फिजिक्सचा अभिमान दुखावला. आमच्या गच्चीवर टीव्हीची जुनी छत्री पडून होती. तिला आतून चकचकीत कागद चिकटवला, पत्र्यावर चढवली आणि तोंड पॅनेलकडे केलं. सपाट आरसा लावला असता तर ऊन पसरलं असतं. खोलगट छत्रीनं ते एका जागी गोळा केलं. हे पुस्तकात होतं. मी पाठही केलं होतं.

दहा मिनिटं मोटर अशी पळाली की बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग जळका वास आला, टच्चकन काच तडकली आणि मोटर कण्हायला लागली. पॅनेलवर भाकरीएवढा तपकिरी डाग. मी छत्री गुपचूप मागच्या बाजूनं खाली सोडली आणि उतरून म्हणालो, "मालच डुप्लिकेट होता, काकू. छत्रीनं असं होत नसतं. गॅरंटीत बदलून मागा."

शिकलेल्या पोराचा शब्द तिनं खरा धरला.

तिसऱ्या दिवशी दुकानाचा मेकॅनिक आला. काकू त्याच्याशी कडाकडा भांडली. माझंच वाक्य, माझ्याच ठसक्यात. तो वर चढून आला आणि हसला. "मावशी, असा गोल डाग भिंग धरल्याशिवाय पडत नाही. काय लावलं होतं वर? कोणी लावलं?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मी दारात बांधलेल्या शेळीकडे पाहिलं. शेळी शांतपणे पाला खात होती. तिला काहीच लपवायचं नव्हतं.

"मीच लावली छत्री," काकू म्हणाली.

त्यानं ते लिहून घेतलं, खाली काकूची सही घेतली. गॅरंटी संपली. तो गेल्यावर ती एवढंच बोलली, "लई शिकलास. पर खरं बोलायचा धडा आप्शनला टाकला व्हय रं?"

उरलेल्या दोन पॅनेलांवर मोटर नुसती गुणगुणायची. माळ्यावरचं पोतं खाली आलं.

चार दिवसांनी माझ्या बहिणीच्या, मोनिकाच्या लग्नाच्या शेवया होत्या. आमच्याकडे हे काम सावडीनं चालतं. आज तुम्ही आमच्या दारात राबलात की तुमच्या कामाला आमच्या घरचं एक माणूस आलंच पाहिजे. काकू येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. खरं तर तशी आशाच होती. ती सकाळी सातला मशीन बाजेला आवळून बसली आणि डाव्या हातानं दांडा फिरवायला लागली.

"दे, मी फिरवतो," मी म्हणालो.

दांडा घेतला. दोन फेऱ्यांत शेवया तुकडे तुकडे होऊन पडल्या.

"सोड. नवरीच्या रुखवतात काय चुरा मांडायचा का?" बायका खिदळल्या. काकूनं दांडा परत घेतला. दुपारपर्यंत डावा हातही भरून आला. त्या दिवशी अंगणात नसलेल्या एकीनं विचारलं, "लंकाबाई, छत्री लावायची अवदसा तुमाला कुठनं आठवली?" ती म्हणाली, "म्हातारपनी खाज आली." मी शेवया वाळत घालायला उन्हात निघून गेलो. सावलीत बसवेना.

लग्न झालं. काकूच्या घरच्या शेवया गुरुवारी ठरल्या. आमच्या घरून मीच जायचं होतं. बुधवारी सुप्याच्या कंपनीतून नोकरीवर हजर होण्याचा फोन आला आणि मी पहिली एसटी पकडली. एक दिवस उशिरा गेलो असतो तरी चाललं असतं; साहेबांनी तसं म्हटलंही होतं.

परवा आईचा फोन आला. "लंकाबाई इचारत हुत्या, तुमच्या घरची सावड कधी येनार? पापडाचं पीठ भिजवायचं हाय म्हनं. तुझ्याऐवजी शेजारच्या घरात सांगू का?"

"नको. मीच येतो. या रविवारी."

आणि रविवारच्या ओव्हरटाईमला मी नाव दिलं.