कवंडळांची टोपली

चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला सुपारीचे घोस, तोरिंगं, आंबाडे, रानातल्या शेंगा नि फळं बांधायची. ज्याच्या माटोळीत न पाहिलेलं काही दिसेल, त्याचं घर लोक लक्षात ठेवतात.

मी मूळचा कोरगावचा. डिचोलीच्या बाजारात गोणपाट पसरून बसायला लागलो आणि आज त्याच बाजारात माझं नारळ-सुपारीचं पक्कं दुकान आहे. कुणी हात दिला नाही, त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. भाव पाडण्यात मला कुणी हरवत नसे. एकच बाई हरवते. ती बेळगावकडची, नवरा बांधकामावर, बिऱ्हाड नार्व्यात. चतुर्थी आली की डोंगरातून माटोळीचं सामान आणते आणि माझ्या दुकानासमोर बसते. मी आवाज चढवला की ती माल शांतपणे टोपलीत परत ठेवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. या एका गोष्टीवर मी कितीदा चरफडलो असेन आणि कितीदा मनात तिला मानलं असेल, त्याचा हिशेब नाही.

तीन वर्षांपूर्वी मी माटोळीच्या कडेनं लालबुंद कवंडळांची रांग बांधली. कवंडळ म्हणजे रानवेलीचं फळ. कडू जहर, तोंडात घालायचं नाही. लोक शोभेला एखाददुसरं बांधत. पण सगळ्या कडेनं लावली तेव्हा दिवे लागल्यासारखी दिसली. आमच्या शेजारी एक मास्तर राहतात, त्यांना मोबाईलवर व्हिडिओ करायचा नाद. त्यांनी सोवळं नेसून माझ्या माटोळीखाली उभं राहून 'आमच्या वाड्यावरची माटोळी' म्हणून व्हिडिओ टाकला. माझं नाव कुठेच नाही. तो गोवाभर फिरला. मास्तरांना माटोळीच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणं आलं, शाल मिळाली. ती बांधताना शिडीवरून पडून पाय मुरगळला तो माझा. हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना कवंडळं हवीशी झाली. म्हापशाहून गाड्या करून लोक येऊ लागले. एकीनं पाच उचलली की मागची सात मागायची. मी दुकानाच्या पायरीवरून बघायचो. कवंडळ असं कुणालाच नको होतं. पुढच्याच्या हातातलं तेवढं हवं होतं. डोंगरात तर लोक श्रावणातच हिरवी फळं तोडायला लागले.

गेल्या वर्षी मी डाव टाकला. मास्तरला एकही कवंडळ मिळू द्यायचं नाही. सकाळी बाजार भरायच्या आधी त्या बाईकडची सगळी मी घेतली आणि कुणाला सांगू नकोस म्हटलं.

"विकल्यावर माल तुमचा की ओ मालक," ती म्हणाली. "मी कशाला सांगत बसू?"

टोपली मी मागच्या खोलीत पोत्यांआड ठेवली. दुपारपर्यंत बाजारात कवंडळांसाठी माणसं एकमेकांना कोपरं मारू लागली. तेवढ्यात मास्तर मोबाईल उगारून आले.

"कवंडळां खंय गेली गो?"

"संपली."

"संपतली कशी?" मागून एकजण म्हणाला. "हे भायले येतत आणि डोंगर बोडून न्हेतत. वेल मुळासकट उपटले हेंनी."

आणि एक नवल झालं. आतापर्यंत भांडणारी माणसं एकदम एक झाली. एकमेकांना जागा करून देऊ लागली, मान डोलवू लागली.

तरुणपणी मी पिक्चरवेडा होतो. कॉलर वर, केस हिरोसारखे. माझा रागसुद्धा पडद्यावरून उचललेला. भुवई चढवून थांबायचं आणि मग एकदम आवाज सोडायचा. धंद्यात त्याचा फार उपयोग झाला. शेवटी गुंडाला चोप बसला की सगळं गाव सुखी व्हायचं आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. गावाचं आधी काय बिघडलं होतं ते कुणी विचारत नसे. त्या दुपारी तोच पिक्चर माझ्या दुकानासमोर चालू होता. फरक इतकाच की कवंडळं कुठे आहेत, ते मला ठाऊक होतं.

"उद्यापासून हिका हंय बसूक देव नका," कुणीतरी म्हणालं आणि चौघांनी ते उचललं.

चतुर्थीआधीचे ते दोन दिवस म्हणजे तिचा सगळा बाजार. गोणपाटाएवढी जागा एकदा गेली की परत मिळत नाही, हे मला कुणी सांगायला नको. तिनं नुसतं माझ्याकडे बोट केलं असतं तरी सुटली असती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"वेल उपटला तर पुढच्या वर्षी काय विकू मी?" ती म्हणाली. "दर वेलावर एक फळ पिकायला सोडते. चला, दाखवते."

"मग विकलंस कोणाक ता सांग," मास्तरांनी मोबाईल तिच्या तोंडाजवळ नेला.

"गिऱ्हाइकाचं नाव सांगत नसते मी."

"बघा, लपयता," मास्तर मोबाईलला म्हणाले.

एका दांडग्यानं तिची टोपली रस्त्यावर ओढली. आंबाडे, सुपाऱ्या गडगडल्या. ती उठली, एकेक वेचून पदरानं पुसून परत ठेवू लागली. ओरडली नाही, रडली नाही. मला ते सात जन्मांत जमलं नसतं.

मी आत जाऊन कवंडळांची टोपली उचलून आणली आणि तिच्यापुढे आदळली.

"सगळी हंय आसत. सकाळीच घेतलंय मी. काय म्हणायचा ता माका म्हणा."

मोबाईल माझ्याकडे वळला. मी तिला म्हटलं, "घे परत आणि वाट ह्यांना."

"विकलेला माल मी परत घेत न्हाई मालक. तुमचा हाय, तुम्हीच वाटा."

गर्दीत कुणीतरी हसलं. दर घराला एक, असं म्हणत मी वाटायला बसलो. मास्तरांची पाळी आली. त्यांनी तीन मागितली. मी एक दिलं, आणि तेही देताना दात उपटल्यासारखं झालं.

संध्याकाळी व्हिडिओ आला. त्यात मी साठेबाज. पण मला कुणी उठवायला आलं नाही. माझ्या दुकानाला शटर आहे.

दुसऱ्या दिवशी ती जागेवर होती. टोपली ओढणारा दांडगा सुपारीचा घोस घ्यायला तिच्याकडेच आला. तिनं चांगला भरलेला घोस शोधून त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर मी पायरी उतरून गेलो.

"त्याला कशाला असला दिलास? किडका द्यायचा होता."

ती टोपलीतला पाला सारखा करत होती.

"गणपती त्याच्याबी घरी येतोय की ओ," ती म्हणाली.

मी किडकाच दिला असता. मास्तरांशी मी अजून बोलत नाही.