भिंतीपलीकडचा गुडघा

नेदरलँड्समधल्या आल्मेऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या काकांना स्वस्थ बसलेलं कोणीही पाहिलेलं नाही, त्यांच्या लेकीनेसुद्धा. दोन्ही घरांचे जिने एकाच भिंतीला लागून. इथला जिना म्हणजे कठडा लावलेली शिडीच. काका चष्म्यासाठी वर जात, त्याच्या डबीसाठी खाली येत, खिडकी लावली का ते बघायला पुन्हा वर. इकडे मला बातम्या ऐकू येत नसत.

मग त्यांचा गुडघा आखडला. पलंग खाली दिवाणखान्यात आला. लेक म्हणाली, "बाबा, पुण्याला दादाकडे लिफ्ट आहे." त्या दिवशी काका जेवले नाहीत.

इथल्या डॉक्टरने पॅरासिटामॉल आणि व्यायाम सांगितला. काकांनी स्टेशनजवळची चिनी वैद्यीण गाठली. तिने जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी धरली आणि निदान केलं: सांध्यात वारा, थंडी आणि ओल शिरली आहे, त्यामुळे प्राणशक्तीचा आणि रक्ताचा प्रवाह अडला आहे. मग सुया टोचल्या, कातडी ओढून धरणारे काचेचे पेले लावले, पेटवून शेकायला औषधी पाल्याची कांडी दिली.

"हा प्रवाह मोजता येतो का?" मी काकांना विचारलं. मला आकडा लागतो.

"अहो, पाटबंधारे खात्यात जन्म गेला माझा. कालव्यात गाळ साचला की शेवटचं शेत कोरडं. बाई तेच सांगते. जीभ दाखवा तुमची. हं, ओल फार आहे."

"या देशात कोणात नाही?"

एका दुपारी लेक ऑफिसात असताना काकांनी, वारा लागू नये म्हणून, सगळ्या खिडक्या लावून ती कांडी पेटवली. धूर झाला की वाजणारा छतावरचा भोंगा भिंतीतून माझ्या कानात शिरला. आमच्याकडे ठेवलेली त्यांची किल्ली घेऊन मी धावलो. भोंगा वरच्या मजल्यावर, आणि काकाही तिथेच, टॉवेलने त्याला वारा घालत.

"काका, वर कसे आलात?"

काकांनी जिन्याकडे पाहिलं. "ते राहू द्या. उतरायचं कसं, ते सांगा."

श्रेय काका वैद्यिणीला देतात, डॉक्टर व्यायामाला, लेक भोंग्याला. मी हिशोब लावायचं सोडून दिलं आहे. पलंग पुन्हा वर गेला, पुण्याचा विषय निघत नाही.

मात्र चष्मा आणि डबी आता एकाच फेरीत येतात. संध्याकाळी एक पाऊल वाजतं, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. शेवटची पायरी येईपर्यंत मी बातम्यांचा आवाज बंद ठेवतो.