दहशतीच्या गाण्यासाठी नव्या वहाणा

साताऱ्यात माझं कपडे भाड्याने देण्याचं दुकान आहे. पूर्वी ते शाळांच्या गॅदरिंगवर आणि मिरवणुकांवर चालायचं. आता निम्मं दुकान यूट्यूबवरच्या गाण्यांवर चालतं. गाणं कसलं आहे ते मला ऐकावं लागत नाही, कपडे कोणते मागितले त्यावरून कळतं.

पिवळा शिफॉन आणि लांब ओढणी म्हणजे प्रेमगीत. मुलगी पठारावर पळणार, मागे वळून बघणार आणि ओढणी मुलाच्या तोंडावर जाऊन बसणार. ओढणीचं टोक दरवेळी काट्याकुट्यात फाटून येतं, म्हणून मी त्याला मुद्दाम रुंद काठ लावून ठेवलाय. कोळीगीताला लुगडी आणि टोपल्या जातात. समुद्र आमच्याकडे नाही, पण धरण आहे, त्यावर भागतं. टोपलीत मासळी ठेवायची नाही ही माझी अट. भक्तिगीतात धूर इतका करतात की साड्या परत आल्यावर आठवडाभर दुकानात आरती चालल्यासारखं वाटतं. आणि विरहाच्या गाण्यात मुलगा दाढी वाढवून बाटलीतून कोल्ड्रिंक पितो, मुलगी शालू नेसून गाडीच्या काचेतून बाहेर बघत सासरी जाते. तो मरून रंगाचा शालू माझा. तो किती वेळा परक्या घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी ड्रायक्लीनिंगला आला, याचा हिशेब मी सोडून दिलाय. नवरा मुलगा मात्र एकाही गाण्यात दिसलेला नाही.

राहता राहिलं दहशतीचं गाणं. पांढरे शर्ट, काळे गॉगल, एक उघडी जीप. पुढे मुख्य माणूस, मागे त्याची माणसं, सगळे सावकाश कॅमेऱ्याकडे चालत येतात. खांदे सैल, हनुवटी वर, कुणालाच कसली घाई नाही. मारामारी होत नाही. आता होईल, एवढं वाटलं की काम झालं.

माझ्या मुलीला दिग्दर्शनाचं पहिलं काम मिळालं ते असल्याच गाण्याचं. त्याआधी ती सांगलीच्या एका दिग्दर्शकाच्या हाताखाली लाइटच्या वायरी गुंडाळत होती. कोरेगावच्या पुढच्या एका गावातले जेसीबीवाले शेठ वाढदिवसाला स्वतःवर गाणं काढत होते. त्यांनी सरळच सांगितलं, "पोरी, हे जमलं तर फुडची समदी गाणी तुझी. न्हाई जमलं तर सांगलीवाला हायच." पुण्यातल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी तिला नोकरीला बोलावलं होतं, सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. "गाणं बसलं नाही तर जाते," ती म्हणाली. मी म्हटलं, "जा." पण शूटिंगच्या दिवशी कपड्यांचं गाठोडं घेऊन स्वतः गेले.

शेठनी मागे चालायला गावातलीच माणसं घेतली होती. फुकटात मिळत होती. अडचण एवढीच, की त्या गावात दर घरटी एक फौजी. आलेले सगळे निवृत्त. सातची वेळ दिली होती, ते साडेसहाला गुळगुळीत दाढी करून, काळे बूट चमकवून उसाच्या कडेला रांगेत उभे. माझे शर्ट त्यांनी अंगात घातले आणि इस्त्री मोडली म्हणून मलाच दोन शब्द ऐकवले.

गाणं सुरू झालं. शेठ पुढे, माणसं मागे. चौथ्या पावलाला सगळ्यांचे डावे पाय एकदम पडले.

"कट," मुलगी म्हणाली. "काका, जरा बेफिकीर चाला. आपापलं."

"व्हय व्हय."

पुन्हा सुरू. पुन्हा तेच. तिने एकेकाला वेगवेगळ्या जागेवरून सोडून पाहिलं. ज्याचं पाऊल चुकायचं तो मधेच छोटी उडी मारून कदम बदलायचा आणि बाकीच्यांत मिसळायचा. आख्ख्या टोळीत बेताल एकटे शेठ. त्यांना मागून त्या फौजींतल्या एका सुभेदारांनी हळूच सुचवलं, "शेठ, डावा पाय आधी टाका."

"आवं सुभेदार, हिरो मी हाय!"

"आसाल. पर परेड बिघडतीय."

मुलीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर शॉट संथ करून बघितला. संथ केल्यावर तर ते प्रजासत्ताक दिनाचं संचलन वाटत होतं. शेठ जीपला टेकून फोन लावू लागले. "सांगलीला जरा बोलून ठिवतो," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मुलगी अंगठ्याचं नख चावायला लागली.

सुभेदार ओशाळून माझ्याकडे आले. "वैनी, आमी लय सांगतोय पायाला. पाय ऐकत न्हाई."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. बूट. त्या बुटांत पाय घातले की दुसरं काय होणार?

आमच्या गाडीत लेझीम पथकासाठी आणलेल्या कोल्हापुरी वहाणांचं पोतं होतं. कोऱ्या करकरीत. मी पोरांना देण्याआधी त्या एरंडेल पाजून मऊ करते. या तशाच होत्या, लाकडासारख्या. पोतं रस्त्यावर उपडं केलं.

"बूट काढा, मोजे काढा. ह्या घाला."

"वैनी, ह्या चावनार."

"चावू द्या की. सीमेवर राहून आलात आणि वहाणेला भिताय?"

सगळ्यांनी बूट काढले, वहाणा घातल्या. मुलीला काय ते कळलं असावं. तिने एक जोड उचलला आणि शेठच्या स्पोर्ट्स शूजपाशी नेऊन ठेवला. "शेठ, तुम्हीपण. कंटिन्युटी."

पुन्हा गाणं लागलं. कुणाची टाच सोलत होती, कुणाचा अंगठा, कुणाची करंगळी. जो तो आपलं दुखणं सांभाळत पाय टाकत होता. त्यामुळे एकेकाचा खांदा वेगळ्या बाजूला झुकला, चाल संथ झाली, जबडे आवळले गेले. वर काळे गॉगल, खाली करकर करकर. शेठ सर्वांत पुढे, ओठ घट्ट मिटून, कुणाचा तरी जीव घ्यायला निघाल्यासारखे.

शॉट एकदाच घेतला. दुसऱ्यांदा चालायला कुणी तयार नव्हतं.

रविवारी शेठ पायाला पट्टी लावून दुकानात आले, तयार गाणं बघायला. बघितलं, परत लाव म्हणाले, परत बघितलं. "माझा चेरा आसा कसा काय आला गं?"

"भूमिकेत शिरलात," मुलगी गंभीरपणे म्हणाली.

ते खूश. "सांगलीवाल्याला हे जमलं नस्तं," म्हणाले. सोमवारी तिने पुण्याला नाही म्हणून कळवलं. आता माझ्या कपडे बदलायच्या खोलीत तिच्या लाइटच्या स्टँडची गर्दी आहे आणि गिऱ्हाईक साडी नेसून बघायला मोरीत जातं.

वहाणा सुभेदारांनी स्वतः आणून दिल्या, जोड्या लावून, पुसून. गावाने त्या आठवडाभर वापरून घेतल्या होत्या. इतक्या मऊ झाल्या, की लेझीमवाल्या पोरांना तशाच दिल्या, तेल वाचलं. शेठचं पुढचं गाणंही दहशतीचंच आहे. मुलीने आत्तापासून बजावलंय, "आई, नव्या आण. आणि तेल लावू नकोस."