ओढून बघ

वडिलांची चिता पेटली आणि तिथेच, कृष्णेच्या काठावर, माझ्या अक्काला चौघांनी पालथं पाडून भादरलं.

आज सकाळी सांगलीत अक्का गेली. तिच्याबद्दल गोड लिहिणारे उद्या पुष्कळ निघतील. मी घडलं ते लिहिते.

अक्का आमच्या घरात थोरला मुलगा म्हणून जन्मली. सांगलीला जाऊन ब्लाऊज शिवायची, साडी नेसायची. केस कमरेखाली यायचे, स्वतःचे. मी तिला अक्का म्हणायचे. कोरेगावकडचं बाकी सगळं घर तिला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हतं.

बाहत्तरच्या दुष्काळाआधी वडील वारले. मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होते. कळताच आले आणि बायका जात नसल्या तरी घाटावर गेले.

थोरल्याने अग्नी द्यायचा. तो तिने दिला.

थोरल्याने डोकं करायचं. त्याला ती नाही म्हणाली.

चुलते अण्णा फौजेतून रिटायर होऊन आलेले. म्हणाले, "बापाला खांदा दिलास. आता केस दे."

एकाने मानेवर गुडघा ठेवला. न्हावी मागे सरला, तसा अण्णांनी वस्तरा हिसकावला आणि कपाळापासून मागे ओढला. केसांबरोबर कातडी आली. मी धावत जाऊन अण्णांच्या मनगटाला चावले. त्यांनी कमरेत लाथ घातली. ते दुखणं थंडीत अजून उठतं.

वेणी नदीत फेकली. ती बराच वेळ तरंगत होती.

अक्का रडली नाही.

पुढे केस आले, पण फक्त कानांमागे आणि मानेवर. समोर जखमेचा चट्टा आणि त्याच्या मागे वडिलांचं टक्कल. "जमिनीतलं काय मिळालं न्हाई, ह्ये तेवढं मिळालं," ती म्हणायची.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. करवली अक्काच होणार, असं मी घरात सांगितलं. अण्णांनी निरोप धाडला: मांडवात साडी नेसून दिसला, तर वऱ्हाडासमोर पुन्हा भादरीन.

आई म्हणाली, राहू दे बाई, मी तिला नंतर भेटून येईन.

मी म्हटलं, मग लग्नही राहू दे.

होणाऱ्या नवऱ्याला आधीच सगळं सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "बहीण तुझी आहे. मला काय विचारतेस?"

मी एसटीने सांगली गाठली. आम्ही दोघी नाटकांचे टोप बनवणाऱ्याकडे गेलो. पहिला नायलॉनचा, घोड्याच्या शेपटीसारखा चकाकणारा. दुसरा राणीचा, अंबाड्यासकट. मग अक्काला गुडघ्यापर्यंत वेणी असलेला एक सापडला. वेणी मांडीवर घेऊन ती आरशासमोर बसून राहिली.

"ह्योच घेऊ?"

मी नको म्हटलं. भादरलेल्या डोक्यावर दोन वर्षांत जेवढे केस येतात, तेवढेच हवेत. खांद्याला टेकणारे. भांगात थोडे विरळ, उन्हात तांबूस दिसणारे. अण्णांना शंका येता कामा नये.

"तू बहीण हाईस का हवालदार?" अक्का म्हणाली. पण वेणी खाली ठेवली.

टोपवाल्याने आतून एक आणला. बायका विंचरताना निघालेली गुंतवळ साठवून सुया-बिब्बे विकणारणीला देतात ना, त्या केसांचा. जाळीवर एकेक केस ओवलेला. अक्काने तो घातला. चट्टा झाकला गेला. कानांजवळच्या बटांनी जबडा मऊ झाला.

आरशात आमची आई बसली होती.

अक्काच्या घरी येऊन तिने मागच्या उरलेल्या केसांच्या बारीक वेण्या घातल्या, घट्ट. जाळी सुईदोऱ्याने त्या वेण्यांना शिवून टाकली. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ओढून बघ, कुसुम."

मी ओढला.

"असं न्हाई. अण्णा ओढतील तसं."

मी दोन्ही हातांनी हिसडा दिला. ती पाटावरून खाली पडली. डोळ्यांतून पाणी आलं. टोप जागेवर.

"पुन्हा," म्हणाली.

लग्नात मंगलाष्टकं चालू झाली. माझ्यामागे अक्का नारळ ठेवलेला करा धरून उभी. अण्णा मागून आले आणि मूठभर केस धरले.

"बघा, पावणं. ह्यो गडी हाय. डोक्यावर टोप हाय."

आणि हिसडा दिला.

तिची मान मागे गेली. करा सोडला नाही.

त्यांनी पुन्हा हिसडा दिला. मग पाय रोवून दोन्ही हातांनी ओढलं. टोप निघेना. अण्णांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

पाहुण्यांना काय दिसलं? भर मांडवात एक माणूस नवरीच्या बहिणीला केस धरून फरफटतोय.

नवऱ्याची आत्या तासगावची. ती उठली आणि पितळी तांब्या अण्णांच्या कानशिलात हाणला. "बाईच्या झिंज्या धरतोस व्हय रं?"

मग वऱ्हाडातल्या गड्यांनी त्यांना गोठ्यामागे नेलं. आवाज मांडवापर्यंत येत होता. अण्णांचे समोरचे दात गेले. एक हात कायमचा वाकडा राहिला.

कुणी सोडवायला गेलं नाही. मीही नाही. भटजींना म्हटलं, "पुढे म्हणा."

सोबतचा फोटो त्याच दिवशीचा. अक्काने डोक्यावरून पदर घेतलाय. जाळीखालून मानेवर रक्त उतरत होतं. साडी लाल, म्हणून दिसत नाही.

पुढे वयाप्रमाणे टोप बदलत गेले. दर वेळी मी बरोबर, दर वेळी भांडण. पिकलेल्या केसांचा घेताना तर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.

आज तिला मी न्हाऊ घातलं. डोकं कोण करणार, असं कुणीतरी विचारलं. कुणीही नाही, म्हटलं. अग्नी मी देणार आहे.

तोच पिकलेला टोप मी शिवून बसवलाय. टाके वाकडे आलेत, अक्का. सांभाळून घे.

मग दोन्ही हातांनी ओढून बघितला.

निघत नाही.

जा आता, अक्का.