वाकडी करंगळी

प्लास्टरताईंचा हात लागला की मोडकी मूर्ती पुन्हा नाकीडोळी नीटस व्हायची. बाबांच्या मागे त्यांनी प्लास्टरच्या मूर्ती-नक्षीचा कारखाना चालवायला घेतला तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. आता त्याच नातेवाइकांना छताला नक्षी हवी असली, की ताईंच्या मागे मागे फिरावं लागतं, आणि ताईही त्यांना जरा फिरवतात. पण सध्या ताईंचं कामात लक्ष नव्हतं. भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि नवरीचा बाप चर्चमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हता.

नवरीचा बाप म्हणजे ताईंचा थोरला भाऊ, दादा. तरुणपणी तो दारूच्या नादी लागला आणि एके दिवशी वेदीवरच्या पितळी मेणबत्ती-स्टँडवर त्याने हात साफ केला. बाबांनी त्याला घराबाहेर काढलं आणि पुन्हा म्हणून त्याचं तोंड पाहिलं नाही. पुढे दादाने दारू सोडली, नळदुरुस्तीचं काम धरलं, संसार केला. बाबा गेल्यावर ताईंनी त्याला घरी आणलं. चर्चला मात्र तो यायचा तो बाहेरच्या पायरीपर्यंत. आत प्रार्थना चालायची, हा बाहेर बसून ऐकायचा. लेकीने रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. दारापर्यंत पोचवीन, पुढे आत्या नेईल, एवढंच त्याचं उत्तर. पोरगी रोज थोडी सुकत चालली होती, आणि ताईंच्या जिवाला ते बघवत नव्हतं.

अशातच चर्चमधल्या किल्लीवाल्या संताचा, स्वर्गाच्या किल्ल्या धरलेला उजवा हात निखळून पडला. घंटा वाजवणाऱ्या काकांच्या शिडीचा धक्का लागला होता. काकांच्या मते शिडी आपली आपण सरकली. ताईंनी नेहमीप्रमाणे फळीवरचा, बाबांच्या जुन्या शर्टात गुंडाळलेला साचा काढला. तो साचा दादाच्याच हाताचा. ऐन तारुण्यात त्याचा पंजा इतका भरदार होता, की बाबांनी संतांच्या हातांसाठी तोच नमुना धरला. खोट एकच. लहानपणी कारखान्याच्या दारात बोट सापडून त्याची करंगळी वाकडी झाली होती. त्यामुळे साच्यातून हात निघाला, की आधी करंगळी घासून सरळ करायची, मग बाकीचं, असा बाबांचा दंडकच होता. ताई या वेळी नेमक्या तेवढंच विसरल्या. लहानपणी ज्या हाताला धरून त्या शाळेत गेल्या, त्याचं बोट वाकडं आहे हे त्यांच्या डोळ्यांना खुपलंच नाही.

हात मूर्तीवर चढला आणि काकांना ते खुपलं. स्वतःची शिडी विसरून त्यांनी चर्च डोक्यावर घेतलं. हा हात आपण ओळखतो, तो इथून काय घेऊन गेला तेही जाणतो, आणि आता त्यालाच किल्ल्या देऊन बसलोय, असं त्यांनी फादरांच्या कानावर घातलं. ताई ओशाळल्या आणि कानस पिशवीत टाकून लगबगीने निघाल्या.

शिडी चढण्याआधी, करंगळी कितपत सरळ हवी याचा अंदाज घ्यायला त्या बाकीच्या मूर्ती बघत निघाल्या. सगळे हात त्याच साच्यातले, बाबांनी केलेले, आणि सगळ्या करंगळ्या अगदी सरळ. वेदीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र त्या थबकल्या. रोग्यांची सेवा करणाऱ्या संताचा हात म्हणजे बाबांचं शेवटचं काम. दादाला हाकलल्यानंतरचं. ते त्यांनी दार लावून एकट्याने केलं होतं, ताईंना रंगाची बशीसुद्धा धरू दिली नव्हती. त्या हाताची करंगळी वाकडी होती.

एका नखाची कड राहिली तरी दिवसभर बोलणारे बाबा. ते विसरणं शक्यच नव्हतं. ताई समोरच्या बाकावर बसल्या आणि पोटभर रडल्या.

फादर येऊन शेजारी बसले. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी मनातलं विचारून टाकलं, "चोराचा हात संताला लावला, हे पाप नाही का?"

फादरांनी किल्लीवाल्याकडे बोट दाखवलं. "आपल्या प्रभूला पकडून नेलं, तेव्हा हा काय म्हणाला? मी त्याला ओळखत नाही. एकदा नाही, तीनदा. तरी किल्ल्या त्याच्याच हातात राहिल्या."

मग ते सावकाश समजावत राहिले. संत म्हणजे ज्याच्यावर डागच नाही असा माणूस, ही आपली समजूत. माणसांना बघायला कोणीतरी हवं म्हणून चर्च काही जणांना नाव देऊन भिंतीशी उभं करतं, पण बिननावाचे कितीतरी जास्त. पवित्र याचा मूळ अर्थ साधा आहे, देवाने आपलं म्हणून बाजूला ठेवलेलं. चांगलं आहे म्हणून नाही, आपलं आहे म्हणून. घासणं-पुसणं मागाहून येतं आणि ते जन्मभर चालतं. कानस बाहेर काढू नका, एवढं सांगून ते उठले.

ताई घरी आल्या तेव्हा दादा बेसिनखाली वाकून नळ आवळत होता. त्यांनी सगळं सांगितलं. दादाने मान वर केली नाही.

"विसरले असतील."

"बाबा?" ताईंनी विचारलं.

दादा घट्ट बसलेला नळ पुन्हा आवळत राहिला. "मला त्यांनी बाजूला काढलं होतं."

"तुला काढलं. साचा मात्र स्वतःच्या शर्टात गुंडाळून बाजूला ठेवला होता."

त्याने पाना खाली ठेवला. मग कुठली मूर्ती, एवढंच विचारलं.

"वेदीजवळची. पायरीवरून दिसत नाही."

दादाने साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, आणि निघाला. ताई मागोमाग गेल्या. पायरीवर तो अडखळला. ताईंना वाटलं, बसतो आता. तो बसला नाही. आत गेला, बाकांमधून सरळ चालत वेदीपर्यंत गेला, जिथून कधीकाळी मेणबत्ती-स्टँड उचलला होता तिथून वळला आणि कोपऱ्यात उभा राहिला. आपला सुरकुतलेला हात त्याने प्लास्टरच्या हाताशेजारी धरला. दोन्ही करंगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. काका झाडू घेऊन आले, कोपऱ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या टोकाला झाडायला लागले.

"रंग उडालाय गं इथला," दादा मागे न बघता म्हणाला. "लग्नाआधी लावून घे. शिडी मी धरतो."